शब्दांची भावकी : एका वहीच्या प्रकल्प नोंदी

2 जून 2024, रविवार

शाळा नुकत्याच सुरू झाल्या आहेत. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी देवळाच्या सभामंडपात दर रविवारी सकाळी इंग्रजी शब्दांचा वर्ग घ्यायचा आणि त्याची तारीखवार नोंद ठेवायची, असे मी आजपासून ठरवले आहे. अकरा मुले आली होती. त्यांपैकी सात नववी-दहावीतली आहेत आणि चार यंदा पीयूसीच्या, म्हणजे इकडच्या अकरावी-बारावीच्या, पहिल्या वर्षाला गेली आहेत. सगळ्यांचे शिक्षण मराठी माध्यमातले आहे. घरी मराठी आणि बसमध्ये व कचेरीत कन्नड अशा दोन भाषांत ही मुले सहज वावरतात. पण एसएसएलसी, म्हणजे दहावीची परीक्षा, झाल्यावर पीयूसीला विज्ञान किंवा वाणिज्य घेतले की सगळे पुस्तकच इंग्रजीत समोर येते, आणि दहावीला उत्तम गुण मिळवलेले मूल वर्गात गप्प बसू लागते. हे मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा पाहिले आहे की आता ते पाहवत नाही.

मागच्या वर्षीचा प्रयत्न फसला, त्याची नोंदही येथे करते. एका शिकवणीवर्गातून मिळालेली कठीण शब्दांची वर्णानुक्रमे लावलेली यादी मी मुलांकडून पाठ करून घेतली होती. ‘ॲबेट’, ‘ॲबरंट’, ‘ॲबहॉर’ अशा क्रमाने आम्ही निघालो आणि दिवाळीला ‘बी’ या अक्षरापर्यंत पोचलो, तोवर ‘ॲबेट’ म्हणजे काय हे सगळेच विसरले होते. दोष मुलांचा नव्हता. त्या यादीत शेजारी बसलेल्या दोन शब्दांचे एकमेकांशी काही नाते नव्हते, आणि ज्याचे कोणाशी नाते नाही असा शब्द लक्षात राहत नाही.

यंदा शब्द नात्याने शिकायचे. एका शब्दापासून प्रत्यय लागून झालेले शब्द, म्हणजे ‘ॲनलाइज’, ‘अनॅलिसिस’, ‘ॲनलिस्ट’ असे, हे एका घरातले समजायचे. आणि एकाच जुन्या धातूपासून निघून दूरदूर गेलेले शब्द ही भावकी समजायची. दोनशे पानी वहीत दर धातूला एक जोडपान द्यायचे.

पीयूसीची पुस्तके आणि इंग्रजी वर्तमानपत्र यांतून वीस वाक्ये निवडून मी एक पान तयार केले होते. न कळणाऱ्या शब्दाखाली रेघ मारा आणि अर्थाचा अंदाज आला तर समासात मराठीत लिहा, एवढेच सांगितले. रेघा पुष्कळ पडल्या. समास मात्र अकराही पानांवर कोरा राहिला. ती पाने जपून ठेवली आहेत.

9 जून 2024

फळ्यावर ‘दात’, ‘टूथ’ आणि ‘डेंटिस्ट’ हे तीन शब्द लिहून विचारले की इंग्रजीत दाताला ‘टूथ’ म्हणतात, तर दाताच्या डॉक्टरला ‘टूथिस्ट’ का म्हणत नाहीत. कोणी बोलेना. मग विचारले, मराठीत त्याला दातवैद्य का म्हणत नाहीत? दहावीतली एक मुलगी म्हणाली, “टीचर, दंतवैद्य म्हणतात की! दात तद्भव, दंत तत्सम.” त्यावर सगळ्यांची तोंडे सुटली. हात, पण हस्ताक्षर. पाय, पण पादत्राणे. कान, पण कर्णबधिर. रोज बोलताना एक रूप आणि विद्येच्या, कायद्याच्या किंवा वैद्यकाच्या शब्दात दुसरे रूप, ही व्यवस्था मराठी मुलाच्या अंगवळणी पडलेली असते. इंग्रजीतही घरगुती शब्द ‘टूथ’, ‘फूट’, ‘हार्ट’, ‘फादर’ असे असतात आणि विद्येचे शब्द ‘डेंटल’, ‘पेडल’, ‘कार्डिॲक’, ‘पॅटर्नल’ असे असतात. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि न्यायालय फ्रेंचमध्ये चालू लागले, धर्म आणि विद्या लॅटिनमध्ये होतीच. त्यामुळे पुस्तकी इंग्रजीचा मोठा भाग लॅटिन आणि ग्रीकवर उभा राहिला.

तुलना मात्र पुरती जुळत नाही, आणि ते मुलांना स्पष्ट सांगितले. मराठीतला ‘दात’ हा ‘दंत’ शब्दाचाच वंशज आहे. इंग्रजीतला ‘टूथ’ लॅटिनमधून आलेला नाही. तो लॅटिन ‘डेन्स’चा आणि आपल्या ‘दंत’चा चुलतभाऊ आहे. सर विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे मांडले, आणि पुढे याकोब ग्रिम यांनी 1822 साली या भावंडांमधल्या ध्वनींच्या फरकाचे नियम मांडले. मुलांना नियम न सांगता मी नुसत्या जोड्या लिहिल्या : दश आणि ‘टेन’, त्रि आणि ‘थ्री’, पितृ आणि ‘फादर’, पाद आणि ‘फूट’. ‘द’चा ‘ट’ होतो, ‘त’चा ‘थ’ होतो, ‘प’चा ‘फ’ होतो, हे त्यांनीच शोधले. आणि मग ‘दंत’चा ‘टूथ’ होताना दोन्ही व्यंजने त्याच वाटेने गेली आहेत हे पाहून दोघेतिघे अक्षरशः उठून फळ्याजवळ आले.

एका मुलाचे वडील सरकारी खात्यात भांडारपाल आहेत. त्याने विचारले, वडील सामान मागवायला ‘इंडेंट’ भरतात, त्यातही ‘डेंट’ आहे, तो दातच का? तो दातच आहे. पूर्वी करार एकाच कातड्यावर दोनदा लिहून मधून दातेरी रेघेवर कापत आणि दोघांकडे एकेक तुकडा ठेवत. दाते जुळले म्हणजे कागद खरा. परिच्छेदाची पहिली ओळ आत घेणे यालाही म्हणूनच ‘इंडेंट’ म्हणतात. हा शब्द आजच्या बेतात नव्हता, तो त्या मुलाने घरून आणला.

23 जून 2024

याच आठवड्यात बेंदूर झाला. शिंगांना लावलेला हिंगूळ बैलांच्या अंगावर अजून दिसतो आहे, म्हणून धातूही जुवाचाच निवडला. लॅटिनमध्ये ‘युगुम’, संस्कृतात ‘युग’, इंग्रजीत ‘योक’ आणि आमच्याकडे ‘जू’. हे चारही शब्द एकच आहेत. ‘युग’ या शब्दाचा मूळ अर्थच जोखड असा आहे, आणि तोच झिजत झिजत मराठीत ‘जू’ झाला.

सभामंडपाच्या मागे एकाची बैलगाडी उभी होती. सगळ्यांना तिकडे नेले आणि जुवाला हात लावायला सांगितले. लाकूड मानेच्या जागी घासून गुळगुळीत झाले होते आणि दोन्ही टोकांच्या शिवळा, म्हणजे मानेशेजारच्या खुंट्या, वेगवेगळ्या रंगाच्या होत्या, कारण एक मागच्या वर्षी तुटून नवी घातली होती. या आडव्या लाकडाखाली मान घालणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या मुलांना सांगावे लागले नाही. तेथेच उभे राहून मी ‘सब्जुगेट’ हा शब्द सांगितला. ‘सब’ म्हणजे खाली आणि पुढे जू. जुवाखाली आणणे, म्हणजे अंकित करणे. रोमन लोक हरलेल्या शत्रूला खरोखरच जुवाखालून जायला लावत. दोन भाले उभे आणि एक आडवा बांधून त्याखालून वाकून जावे लागे. आणि इसवी सनपूर्व 321 मध्ये इटलीतल्या कॉडीनच्या खिंडीत सापडल्यावर खुद्द रोमन सैन्यावरही साम्नाइट लोकांनी तीच वेळ आणली.

मग भावकी मोठी होत गेली. ‘कॉन्जुगेट’ म्हणजे एकत्र जुंपलेले. जीवशास्त्रात दोन जिवाणू एकमेकांना जोडले जाऊन जनुकद्रव्य देतात त्याला ‘कॉन्जुगेशन’ म्हणतात आणि व्याकरणात क्रियापद चालवण्यालाही तोच शब्द आहे. ‘कॉन्जुगल’ म्हणजे दांपत्याचे. ‘जॉइन’ आणि ‘जंक्शन’ हे त्याच धातूच्या क्रियापदावरून आले, जसा आपल्याकडे ‘योग’ आला. डोळे येण्याला ‘कन्जंक्टिव्हायटिस’ म्हणतात, कारण पापणी आणि डोळ्याचा गोळा यांना जोडणाऱ्या पातळ पडद्याला ती सूज असते. हा शब्द मुलांना पाठ करूनही लिहिता येत नव्हता. आज ‘कन्’, ‘जंक्ट’ आणि ‘आयटिस’ असे तीन तुकडे करून तीन जणांनी तो न पाहता लिहिला.

7 जुलै 2024

पाऊस कोसळतो आहे, ओढ्याला पाणी आल्यामुळे चारच मुले आली. एकच शब्द घेतला : ‘मॉर्गेज’. उच्चारात ‘टी’ नाही, लिहिताना आहे, कारण पहिला तुकडा ‘मॉर्ट’ म्हणजे मृत. जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द ‘मेलेले तारण’ असा होता. ‘मॉर्टल’ आणि ‘इमॉर्टल’ हे त्याचे भाऊबंद, आणि ‘मृत’, ‘अमर’ हे आपल्याकडचे. गहाण म्हणजे काय हे येथल्या घरांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर अधिक बोलले नाही.

28 जुलै 2024

आजचा दिवस मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘अकॉमोडेट’ या शब्दात दोन ‘सी’ आणि दोन ‘एम’ आहेत आणि आजवर एकाही मुलाने तो पहिल्या खेपेस बरोबर लिहिलेला नाही. आम्ही शिक्षक अशा ठिकाणी ‘दहा वेळा लिहून काढ’ असे सांगतो. मीही सांगत आले.

त्याऐवजी आज सुरुवात मराठीच्या व्यंजनसंधीपासून केली. उत् आणि लेख मिळून काय होते? उल्लेख. सत् आणि जन? सज्जन. उत् आणि चारण? उच्चारण. पहिल्या शब्दाचे शेवटचे व्यंजन पुढच्या व्यंजनासारखे होते आणि जोडाक्षर तयार होते, हे त्यांना व्याकरणाच्या तासाला शिकवलेले आहे. मग फळ्यावर ‘इन’ आणि ‘लीगल’ लिहिले आणि संधी करा म्हटले. ‘इल्लीगल’ असे उत्तर आले, दोन ‘एल’. ‘इन’ आणि ‘मच्युअर’ मिळून दोन ‘एम’, ‘इन’ आणि ‘रेग्युलर’ मिळून दोन ‘आर’. लॅटिन उपसर्ग ‘ॲड’ तर इतका मिळूनमिसळून जातो की तो ओळखूच येत नाही : ‘ॲक्सेप्ट’मध्ये तो ‘एसी’ होतो, ‘अफ्लिक्ट’मध्ये ‘एएफ’, ‘अप्रूव्ह’मध्ये ‘एपी’, ‘अट्रॅक्ट’मध्ये ‘एटी’. आता ‘अकॉमोडेट’ उलगडतो. पहिला ‘सी’ हा बदललेल्या ‘ॲड’चा आहे, दुसरा ‘कॉम’ या उपसर्गाचा. पहिला ‘एम’ त्याच ‘कॉम’चा आणि दुसरा पुढच्या ‘मोड’चा. यातले एकही अक्षर जास्तीचे नाही.

उपसर्गाने अर्थ कसा फिरतो हेही मुलांना नव्याने शिकवावे लागले नाही. ‘हार’ला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार होतात, आणि खाण्यापासून ठार मारण्यापर्यंत अर्थ कोठल्या कोठे जातो. त्याच रीतीने ‘नेणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून ‘इंट्रोड्यूस’, ‘प्रोड्यूस’, ‘रिड्यूस’, ‘डिड्यूस’ आणि ‘सिड्यूस’ झाले. अनावश्यक यातला ‘अन्’ आणि ‘अन्नेसेसरी’ यातला ‘अन्’ हे तर सख्खे भाऊ आहेत.

एका ठिकाणी मात्र सावध केले. महामार्गावर पेट्रोलच्या टँकरमागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ असे लिहिलेले असते, आणि आज शिकलेल्या रीतीने एका मुलाने त्याचा अर्थ ‘न पेटणारे’ असा लावला. तेथला ‘इन’ नकाराचा नाही. ‘इन्फ्लेम’ म्हणजे पेटवणे, त्याला ‘एबल’ लागून झालेला शब्द आहे तो. ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ या दोहोंचा अर्थ पेट घेणारे असाच होतो. ही चूक परीक्षेत एक गुण घालवील, रस्त्यावर जीव घालवील, म्हणून ते पान तांबड्या शाईने लिहिले.

11 ऑगस्ट 2024

मागच्या रविवारी माझ्याकडून चूक झाली, ती आज मुलांसमोर दुरुस्त केली. एका मुलीने विचारले होते की ‘बदनाम’ आणि ‘बदफैली’ यांतला ‘बद’ आणि इंग्रजीतला ‘बॅड’ एकच का. उच्चार आणि अर्थ दोन्ही जुळत असल्यामुळे मी न पाहता हो म्हटले. घरी येऊन शब्दकोश उघडला तर ते खरे नव्हते. आपला ‘बद’ फारसीतून आला आहे, इंग्रजीतल्या ‘बॅड’चा त्याच्याशी काही संबंध नाही, दोन्हींचा उच्चार जवळ आला तो निव्वळ योगायोगाने.

नाती शोधण्याची गोडी लागली की प्रत्येक साम्य नाते वाटू लागते, हा या पद्धतीतला खरा धोका आहे. म्हणून वहीच्या शेवटची वीस पाने वेगळी काढली आणि त्यांना ‘आडनाव सारखे, भावकी नाही’ असे नाव दिले. पहिली नोंद ‘बद’ची, दुसरी ‘आउटरेज’ची. हा शब्द ‘आउट’ आणि ‘रेज’ असा तुटत नाही. लॅटिन ‘अल्ट्रा’ म्हणजे पलीकडे, त्यापासून फ्रेंचमधून तो आला, मर्यादेपलीकडचे कृत्य या अर्थाने. यापुढे शब्दकोशात पाहिल्याशिवाय वहीत काही लिहायचे नाही, आणि हा नियम मलाही लागू आहे.

25 ऑगस्ट 2024

एका मुलाचे वडील बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहेत. आज सुट्टी असल्यामुळे त्यांना वर्गाला बोलावले होते. “मला इंग्रजीतलं काय कळतंय टीचर,” असे म्हणत ते संकोचाने खांबाला टेकून बसले. पण वाळूचा साचा कसा ठोकतात, कोअर, म्हणजे आत पोकळी राखणारा गाभा, कसा बसवतात, भट्टीतले लोखंड लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या मोठ्या पळीत, घेऊन साच्यात ओतताना हात मध्येच का थांबवायचा नसतो, हे सांगू लागले तेव्हा अर्धा तास कोणी हलले नाही. धार मध्ये तुटली तर आधी ओतलेले निवते आणि नंतरचे त्याला नीट चिकटत नाही, सांधा राहतो. त्यांनी हाताच्या कोपरापासून खाली बोट फिरवत ती न तुटणारी धार दाखवली.

‘फौंड्री’ हा शब्द ‘ओतणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘फुंदेरे’पासून आला आहे, ओतशाळा हा आपला शब्द अगदी तंतोतंत आहे. त्याच धातूचे दुसरे रूप ‘फ्यूज’. वितळून एक होणे म्हणजे ‘फ्यूजन’. सगळे एकत्र ओतल्यामुळे कशात काय हे न कळणे म्हणजे ‘कन्फ्यूज’. चहूकडे ओतून पसरणे म्हणजे ‘डिफ्यूज’, आणि रसायनशास्त्रातले ‘डिफ्यूजन’ तेच. भरभरून ओतलेले ते ‘प्रोफ्यूज’. जखमेतून भळाभळा रक्त वाहते त्याला ‘प्रोफ्यूज ब्लीडिंग’ म्हणतात. एकाचे रक्त दुसऱ्याच्या देहात ओतणे म्हणजे ‘ट्रान्सफ्यूजन’. आणि घेतलेले पैसे परत ओतणे म्हणजे ‘रिफंड’.

येथेच पेच आहे. ‘रिफंड’ या भावकीतला आहे, पण ‘फंड’ नाही. ‘फंड’ आणि ‘फाउंडेशन’ हे ‘तळ’ या अर्थाच्या ‘फुंदुस’ या वेगळ्या शब्दापासून आले. ‘फाउंडर’ म्हणजे ओतारी असाही अर्थ होतो आणि संस्थापक असाही, कारण दिसायला एक असलेले हे दोन शब्द दोन वेगळ्या घरांतले आहेत. ‘फंड’ची नोंद शेवटच्या वीस पानांत गेली. निघताना त्या वडिलांनी मुलाच्या वहीतले पान दोनदा पाहिले आणि मधोमध काय लिहिले आहे असे विचारले. मधोमध त्याने ‘ओतणे’ असे लिहिले होते.

22 सप्टेंबर 2024

गणपतीमुळे दोन रविवार वर्ग झाला नाही. आज मुलांनी लिहून आणलेली वाक्ये तपासली. ‘उद्यमबाग इज ॲन इंडस्ट्रिअस एरिया’ असे एकाने लिहिले होते. ‘माय मदर इज अ सेन्सिटिव्ह वुमन’ असे एकीने, आणि तिला म्हणायचे होते समंजस.

एका घरातले शब्द असले तरी स्वभाव वेगळे असतात. ‘इंडस्ट्रिअस’ माणूस असतो आणि ‘इंडस्ट्रिअल’ वसाहत असते. मराठीत आपण उद्योगी मनुष्य म्हणतो आणि औद्योगिक वसाहत म्हणतो. औद्योगिक मनुष्य कोणी म्हणत नाही. हे सांगताच त्या मुलाने स्वतःच वाक्य सुधारले. ‘सेन्सिबल’ म्हणजे समंजस, ‘सेन्सिटिव्ह’ म्हणजे हळवी किंवा संवेदनशील. ‘इकॉनॉमिक’ म्हणजे आर्थिक आणि ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे काटकसरीचे. ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ येथे मराठीची मदत होत नाही, आपल्याकडे दोन्हींना ऐतिहासिक हाच शब्द आहे. म्हणून तेथे वाक्ये दिली. नुसता अर्थ लिहून घेणे पुरेसे नाही, शब्दाबरोबर तो कोणाच्या शेजारी बसतो हेही लिहायचे, असा बदल आजपासून केला आहे.

6 ऑक्टोबर 2024

आघाताचा दिवस. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे उच्चारातल्या पहिल्या तुकड्यावर, येतो, ‘फटॉग्रफी’मध्ये दुसऱ्यावर जातो आणि ‘फोटग्रॅफिक’मध्ये तिसऱ्यावर. मराठीत शब्दाचा अर्थ किंवा रूप अशा जोरावर अवलंबून नसते, त्यामुळे आमची मुले तिन्ही शब्द सारख्याच सुरात वाचतात आणि ऐकताना ओळखत नाहीत. ‘ॲनलाइज’ वाचता येणारा मुलगा ध्वनिफितीत ‘अनॅलिसिस’ ऐकून वेगळाच शब्द समजला. टाळी वाजवून जोर दाखवण्याचा उपाय केला. तो चालला, पण हळू. येथे संस्कृतचे किंवा मराठीचे काही भांडवल हाती नाही, केवळ कान तयार करावा लागणार आहे.

उरलेल्या वेळात, किती शब्द लागतात, हा पीयूसीच्या मुलांचा प्रश्न घेतला. मायकेल वेस्ट यांनी 1953 साली प्रसिद्ध केलेल्या यादीत रोजच्या वापरातली सुमारे 2000 शब्दघरे आहेत. त्यापुढची, सर्व विषयांच्या विद्यापीठीय लेखनात पुन्हापुन्हा येणारी 570 शब्दघरे ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली निवडली, आणि तशा लेखनातले साधारण दहा टक्के शब्द एवढ्या घरांतून येतात. 570 हा आकडा ऐकून मुलांना धीर आला. तीन हजार सुट्या शब्दांच्या यादीपेक्षा हे हाताच्या टप्प्यातले आहे.

27 ऑक्टोबर 2024

ऑगस्टपासून शेजारच्या गल्लीतली एक मुलगी वर्गाला येते. तिच्या घरी कन्नड बोलतात. दंत, जू, ओतणे ही नाती सांगताना ती वहीत लिहून घेई, पण तिच्या घरचे शब्द त्यात बसत नसत. कन्नडमध्ये दाताला ‘हल्लु’ आणि हाताला ‘कै’ म्हणतात. ती द्राविडी कुळातली भाषा आहे, लॅटिन किंवा संस्कृतशी तिचे ते रक्ताचे नाते नाही. आज हाताचा धातू होता, लॅटिन ‘मानुस’. ‘मॅन्युस्क्रिप्ट’ म्हणजे हाताने लिहिलेले, ‘मॅन्युफॅक्चर’ म्हणजे मुळात हाताने केलेले. आणि खताला ‘मॅन्युअर’ म्हणतात, कारण तो शब्द आधी हाताने जमीन कसणे या अर्थाचा होता.

तेव्हा ती म्हणाली, “टीचर, आमच्यात कारखानदारीला ‘कैगारिके’ म्हणतात. त्यात ‘कै’ आहे.” क्षणभर मला काही सुचले नाही. औद्योगिक वसाहतीच्या कन्नड फलकांवर हा शब्द मी कितीदा वाचला असेन, पण त्यातला हात मला दिसला नव्हता. मग तिनेच ‘कैबरह’ सांगितला, म्हणजे हस्ताक्षर. शब्दांचे रक्त वेगळे आहे, पण हातापासून कामाकडे आणि लिखाणाकडे जाण्याची वाट तीच आहे. जोडपानाच्या डाव्या बाजूला ‘मानुस’ची भावकी आणि उजव्या बाजूला ‘हस्त’ आणि ‘कै’ यांचे शब्द तिने कन्नड लिपीत आणि बाकीच्यांनी देवनागरीत लिहिले. पुढच्या सर्व पानांवर कन्नडचा रकाना ठेवायचा. तो पहिल्यापासून ठेवायला हवा होता.

तिच्याच आग्रहाने ‘माँगूस’ घेतला. कन्नडमध्ये ‘मुंगुसि’, मराठीत ‘मुंगूस’, आणि इंग्रजीने तो आपल्याकडूनच उचलला. म्हणूनच त्याचे अनेकवचन ‘माँगूसेस’ होते. ‘गूस’चे ‘गीस’ होते तसे ‘माँगीस’ होत नाही. ‘गूस’ हा आपल्या ‘हंस’चा भाऊ आहे आणि मुंगसाशी त्याचा काही संबंध नाही.

24 नोव्हेंबर 2024

जूनमधलेच पान आज पुन्हा दिले आणि सूचनाही तीच दिली. जुनी पाने दाखवली नाहीत.

रेघा कमी झाल्या, पण तितक्या कमी नाहीत. पीयूसीतल्या एका मुलाच्या पानावर तर जवळजवळ जूनइतक्याच होत्या. समास मात्र कोणाचाच कोरा नव्हता. ‘ट्रान्सफ्यूजन’समोर फौंड्रीवाल्यांच्या मुलाने ‘इकडून तिकडे ओतणे, रक्त?’ असे लिहिले होते. ‘इरेलेव्हंट’समोर एकीने नुसते ‘इन’ लिहून त्यापुढे संधीचे चिन्ह काढले होते आणि मग ‘संबंध नसलेले’ असे लिहिले होते. ‘एक्सपिडाइट’ आम्ही कधीच घेतला नव्हता. त्यात एकाने ‘पेड’, म्हणजे पाय, हे ओळखून ‘पाय बाहेर काढणे’ असे लिहिले होते. अर्थ चुकला, कारण त्याचा अर्थ काम वेगाने उरकणे असा आहे. पण मूळ कल्पना अडकलेला पाय बेडीतून सोडवण्याचीच आहे, आणि त्याच्या उलट ‘इम्पीड’ म्हणजे पायात खोडा घालणे. त्याच्या पानावर ते वाक्य मी पुरे केले.

‘पीडिॲट्रिक वॉर्ड’समोर पाच जणांनी ‘पायांच्या रुग्णांचा विभाग’ असे लिहिले आहे. तर्क चोख आहे आणि उत्तर चूक आहे. तेथे पाय नाही, मूल आहे : ग्रीक ‘पाइस’, षष्ठीत ‘पाइडोस’. ‘पेडॅगॉजी’तही तोच आहे. पुढच्या रविवारी पहिले काम म्हणून ‘पाय’ आणि ‘मूल’ ही दोन्ही पाने समोरासमोर घ्यायची आहेत, आणि त्यानंतर शेवटच्या वीस पानांत त्यांची नोंद करायची आहे. त्या वीस पानांपैकी आता सहाच उरली आहेत, म्हणून खानापूरच्या बाजारातून दुसरी वही आणायला सांगितले आहे.